'पाणी'ऐवजी 'घाम' वाचावे

"शब्द शेपटीकडून वाचायचा," आत्या म्हणायची. "तोंडाकडे बघून कुणी ओळखू येत नाही, माणूससुद्धा नाही. आधी शेपटी बघ. आयटिस असलं की सूज. ओमा असलं की गाठ. आल्जिया असलं की ठणका. मग धड बघ, म्हणजे कुठला अवयव ते कळतं. डोकं सगळ्यात शेवटी. संपलं! डॉक्टर व्हायला लोक इतकी वर्षं का घालवतात, कुणास ठाऊक."

"कारण त्यांना पुढे औषधही द्यावं लागतं, वन्सं," आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"औषध काय, केमिस्ट देतो."

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. आमच्याच घरात, जिन्यावरच्या खोलीत राहायची. एका मोठ्या सरकारी दवाखान्यात टंकलेखिका होती, सदतीस वर्षं. दवाखान्यात तिला सगळे 'शेपटीबाई' म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला ते चालायचं. "मागून म्हणण्यापेक्षा बरं," म्हणायची, "शेपटी तशी मागेच असते."

रेकॉर्डची खोली तळमजल्यावर, लिफ्टच्या पाठीला. लिफ्ट वर निघाली की खोलीची भिंत हुंकार द्यायची. एक खिडकी होती, पण ती उघडली की समोरच्या धुलाईघराची वाफ आत यायची, म्हणून ती बंदच. कपाटांवर छतापर्यंत फायली. कोपऱ्यात आत्याचं टेबल: वर टंकयंत्र, कानाला हेडफोन, पायाशी एक काळं पेडल. डॉक्टर लोक ऑपरेशन झालं, तपासणी झाली की छोट्या टेपमध्ये बोलून ठेवत. त्या टेपा टोपलीतून खाली येत. आत्यानं पेडल दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचा, पाय उचलला की गप्प.

"असलं एक पेडल घरी हवं होतं," ती बाबांकडे बघून म्हणायची. "ह्याला लोगोऱ्हिया आहे."

"मला काय आहे?"

"ऱ्हिया म्हणजे वाहणं. लोगो म्हणजे शब्द. शब्दांची हगवण लागली आहे तुला."

आमच्या घरात कुणाला साधं काही झालंच नाही. बाबा सारखा चहा मागायचे, तो पॉलिडिप्सिया. पॉलि म्हणजे फार, डिप्सिया म्हणजे तहान. आईची कंबर दुखायची नाही, तिला लंबाल्जिया व्हायचा, आणि त्या नावानं निम्मं दुखणं कमी होतं असं आई म्हणायची. ग्रीक आणि लॅटिन या दोन भाषा आत्याच्या लेखी दोन जावा होत्या. "मूत्रपिंडाला ग्रीक जाऊ नेफ्रो म्हणते, लॅटिन जाऊ रीनल म्हणते. एकच पातेलं, पण दोघींनी आपापलं नाव कोरून ठेवलंय. दोघी मरून गेल्या, भांडीकुंडी मात्र अजून दवाखान्यात वापरतात."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकायची तिची इच्छा होती, पण ती नर्स होण्याची. विसाव्या वर्षी ती मुलाखतीला गेली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटी टेबलापलीकडच्या बाईंनी कागद परत घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. कागदावर आत्याच्या पाची बोटांचे ओले ठसे.

"घाबरलीस?"

"नाही बाई. माझे हात असेच असतात."

"नेहमी? हिवाळ्यातसुद्धा?"

"हो."

"या हातांनी पेशंटला हात लावणार तू? जा, हात कोरडे करून ये."

ती बाहेर जाऊन हात कोरडे करून आली. दारापासून खुर्चीपर्यंत येईतो ते परत ओले झाले. त्याच दवाखान्यात वर्षभरानं टंकलेखिकेची जागा निघाली, तिथे हात कुणी बघितले नाहीत. मांडीवर रुमाल ठेवायचा, दोन ओळी झाल्या की पुसायचे, की परत दोन ओळी. सदतीस वर्षांत किती रुमाल झाले असतील ते आईला विचारा, दोरीवर वाळत तीच घालायची.

शब्दांची वही सुरू झाली ती पोटाच्या डॉक्टरांमुळे. हे डॉक्टर अर्धा शब्द बोलत आणि अर्धा गिळत. एके दिवशी टेपमध्ये ते म्हणाले, "कोलोsss मी केली." पुढचा शब्द सुरू. आत्यानं टेप मागे नेऊन सात वेळा ऐकलं. कोलो म्हणजे मोठं आतडं, एवढं तिला कळलं होतं. पण पुढे काय? शेवटी तिनं सरळ फोन लावला. हा फोन आत्या दोन्ही आवाजांत करून दाखवायची, आणि मी तो इतक्या वेळा बघितलाय की आजही तसाच्या तसा करू शकते.

"सर, रेकॉर्डमधून बोलतेय. तुम्ही आतडं कापलंत, कापून काढून टाकलंत, की त्याला पोटावर तोंड काढलंत?"

 "कोण बोलतंय?"

"टायपिस्ट."

"बाई, तुम्ही टाइप करा. ऑपरेशन माझ्याकडे सोडा."

"सोडलंय सर. पण तुम्ही शेपटी गिळलीत. टमी, एक्टमी आणि स्टमी, पेशंटला फरक पडतो."

 "…तोंड काढलं. स्टमी. आणि बाई, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. रोज अर्धं अर्धं."

त्या दिवशी संध्याकाळी ती एक लांब हिरवी वही घेऊन आली. पानाला तीन रकाने आखले: डोकं, धड, शेपटी. शब्द ऐकायचा, तोडायचा, तुकडा आपल्या रकान्यात ठेवायचा, समोर आपल्या भाषेत अर्थ. कोशात बघायची सोय नव्हती. दवाखान्याचं ग्रंथालय फक्त डॉक्टरांसाठी होतं. त्यामुळे अर्थ ठरवायचा तो पुराव्यावरून. चार रिपोर्टांत तोच तुकडा आला आणि चारही पेशंटांचं यकृत बिघडलेलं असलं, की हेपॅटो म्हणजे यकृत. पोलीसच. अठरा वर्षांत वही भरली, मग तिला दुसरी जोडून शिवली. नव्या मुली लागल्या की आत्या त्यांना पहिले दोन आठवडे यंत्राला हात लावू देत नसे. आधी वही.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक रिपोर्टच्या तळाला डाव्या कोपऱ्यात आद्याक्षरं असायची. आधी डॉक्टरची, मोठी. मग तिरकी रेघ. मग टंकलेखिकेची दोन, बारकी. रेघेच्या डावीकडे ज्याचे शब्द तो, उजवीकडे जिचे हात ती. आत्याची ती दोन बारकी अक्षरं हजारो कागदांवर गेली. कॉम्प्युटर आला, रिपोर्टचा साचा ठरला आणि त्यात ती जागाच ठेवली नव्हती. आत्यानं दोन दिवस त्या साच्यात रिकामा कोपरा शोधला. मग म्हणाली, "मेला, माझ्या दोन अक्षरांनी त्याची किती जागा खाल्ली असती?"

मग आले ट्रेनिंगचे सर. दवाखान्यानं नवा विभाग काढला: कारकून, टंकलेखक, तपासनीस, सगळ्यांना शिकवायचं. सर मऊ आवाजात बोलायचे. प्रत्येक वाक्यात 'आपण'. एक दिवस ते रेकॉर्डच्या खोलीत आले, आत्या एका नव्या मुलीला जावांची गोष्ट सांगत होती. दारात उभं राहून त्यांनी सगळी ऐकली.

"बाई, आपण याच्या नोट्स काढू या. नव्या मुलींना किती उपयोग होईल! वही देता का दोन दिवस?"

"वही नाही देणार सर. मीच टाइप करून देते."

सात महिने ती जेवणाच्या सुटीत डबा डाव्या हाताला ठेवून टाइप करत बसली. एकशे बारा पानं. लोगोऱ्हियासकट, जावांसकट. शेवटच्या पानाच्या तळाला डाव्या कोपऱ्यात तिनं रेघ मारली, आणि रेघेच्या डावीकडे स्वतःची दोन अक्षरं मोठी टाकली आणि उजवीकडे तीच दोन बारकी. ज्याचे शब्द तोही मीच, जिचे हात तीही मीच. घरी येऊन आम्हाला दाखवलं. आईनं चष्मा लावून बघितलं.

"वन्सं, रेघ ओलांडलीत की हो!"

"एकतीस वर्षांत एकदा ओलांडली. बिघडलं?"

आत्याला हवं होतं ते एवढंच. पुस्तक नको, सत्कार नको, रेघेच्या डावीकडे दोन अक्षरं.

यानंतर वर्षभरानं एक टेप आली, चामडीच्या नव्या डॉक्टरांची. स्पष्ट बोलणारा माणूस. चोवीस वर्षांचा पेशंट, कचेरीत नोकरी. दोन्ही तळहातांना हायपरहायड्रोसिस. लिहिताना कागद भिजतो. कायम रुमाल बाळगतो. हात मिळवणं टाळतो.

आत्यानं पाय उचलला. डॉक्टर गप्प झाला.

तिनं टेप मागे नेली. परत ऐकली. वही काढली. हायड्र म्हणजे पाणी, हे तिनं पंधरा वर्षांपूर्वी लिहिलं होतं. काही डॉक्टर इंग्रजीत लिहिताना त्यात वाय घालतात, काही आय, म्हणून शेजारी लिहिलं होतं: 'एकच शब्द, स्पेलिंग दोन तऱ्हांनी'. हायपरहायड्रोसिस: अंगात पाणी फार होणं. आता तिनं मांडीवरच्या रुमालाकडे बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं की शब्द दोन आहेत. वायवाला पाणी. आयवाला घाम. कानाला दोन्ही सारखेच, आणि ती सगळं कानानंच शिकली होती.

त्या संध्याकाळी तिनं मला वही दाखवली. लाल शाईनं 'पाणी' खोडून 'घाम'.

"बघ गं. नाव होतं याला. ग्रीक नाव. रोग होता हा, माझा गलथानपणा नव्हता. त्या मुलाखतीवाल्या बाईला मी म्हटलं असतं, बाई, मला हायपरहायड्रोसिस आहे. हात कोरडे करून येते म्हणून धावले नसते."

"मग त्यांनी घेतलं असतं?"

"नसतंच घेतलं." वही मिटली. "पण मी धावले नसते."

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. त्या नोट्समध्ये एक चूक राहिलीय, पान त्रेचाळीस, दुरुस्त करायची आहे.

"अरेरे," सर म्हणाले, "छापखान्यात गेलं की हो ते."

"छापखान्यात? नोट्स छापताय?"

"पुस्तक होतंय बाई! आपलं पुस्तक."

'आपलं' या शब्दाला आत्या भुलली. घरी आली ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत. पंधरा दिवस तिनं रुमाल जरा जास्तच धुवायला टाकले.

पुस्तक आलं. निळं कव्हर, त्यावर सरांचं पूर्ण नाव, मागे पदव्या. आत त्यांच्या गुरूंचे आभार, पत्नीचे आभार, छापखान्याचे आभार. शेवटी, 'या कामाला ज्ञात-अज्ञात अनेकांचे हात लागले.' पानं तेवढीच, पण एकशे बाराव्या पानाचा तळ स्वच्छ. ना अक्षरं, ना रेघ.

जेवायच्या टेबलावर आत्यानं ते वाक्य दोनदा वाचलं.

"मी यातली कुठली रे? ज्ञात की अज्ञात?"

"ताई, सोड," बाबा म्हणाले. "निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. कशाला त्याच्या वाटेला जातेस?"

"सोडायचं काय त्यात?" आईनं पळी आपटली. "वन्सं, उद्या जा आणि ती हिरवी वही त्याच्या टेबलावर आपटा."

"तो म्हणेल, त्याचं पुस्तक बघून लिहिली."

"अठरा वर्षं आधी?"

"वहीवर तारीख कुठे घातलीय मी? रिपोर्टवर घालायचे. वहीवर कशाला घालू?"

आणि सरांचा वर्ग लागला. रेकॉर्डच्या सगळ्यांना सक्तीचा, बारा दिवस, रोज दुपारी. दाखला नसेल त्याची बदली भांडारात. आत्या दुसऱ्या रांगेत बसली, मांडीवर रुमाल, पुढ्यात निळं पुस्तक. तीसएक माणसं, त्यातल्या निम्म्या मुली तिनंच तयार केलेल्या.

"शब्द कुठून वाचायचा?" सरांनी विचारलं. आणि खडू उंच धरून स्वतःच म्हणाले, "शेपटीकडून!"

मुलींनी माना वळवून आत्याकडे बघितलं. एक जण म्हणालीच, "सर, हे तर आपल्या शेपटीबाईंचं."

"हो हो," सर हसले. "बाईंनाही ही पद्धत आवडते."

लोगोऱ्हियाचा विनोद त्यांनी तिसऱ्या दिवशी केला. वर्ग हसला. जावांची गोष्ट चौथ्या दिवशी, आणि तीही वाईट सांगितली. "नेफ्रो आणि रीनल, समजा दोन बहिणी आहेत."

घरी हे सांगताना आत्या ताटावरून उठली होती. "बहिणी! मेल्या, बहिणी कशा असतील? बहिणी असत्या तर एका घरातून आल्या असत्या, एक भाषा बोलल्या असत्या. जावा आहेत म्हणून तर दोन घरच्या आहेत! चोरायचं तर नीट चोर की!"

सहाव्या दिवशी पान त्रेचाळीस आलं.

सरांनी फळ्यावर लिहिलं: हायपरहायड्रोसिस. हायपर म्हणजे फार. हायड्र म्हणजे पाणी. "म्हणजे काय? अंगात पाणी फार होणं!"

आत्यानं हात वर केला. तळहात वर्गाकडे. तो चमकत होता, असं वर्गातल्या एका मुलीनं मला नंतर सांगितलं.

"सर, ते पाणी नाही. घाम."

"बाई, पुस्तकात पाणी आहे."

"पुस्तकात माझी चूक आहे."

 सरांच्या हातातला खडू थांबला. मग ते हळूच म्हणाले, "बरं. बघू, बघू," आणि पुढच्या शब्दाकडे गेले.

आत्या घरी आली ती फुललेली. हा प्रसंग तिनं आम्हाला उभं राहून करून दाखवला, सरांचा थांबलेला खडू म्हणून चमचा हातात धरून. "तीस जणांसमोर! आता बोल म्हणावं. पुस्तकातली चूक माझी, म्हणजे पुस्तक कुणाचं? लहान मूल सांगेल."

आई टाळ्या वाजवायला निघाली होती. बाबांनी हात वर केला. बाबा कोर्टात कारकून होते.

"ताई, तू नक्की काय म्हणालीस? शब्द सांग."

"पुस्तकात माझी चूक आहे."

"पुस्तक माझं आहे, असं म्हणालीस?"

"तेच की."

"तेच नाही. पुस्तक माझं आहे असं म्हणायचं होतंस. तू चूक माझी आहे म्हणालीस. तीस साक्षीदारांसमोर." बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अगं, शेपटी बघ ना आपल्या वाक्याची!"

आत्या खुर्चीत बसली. चमचा टेबलावर ठेवला. चमच्याला तिच्या बोटांचं पाणी. घाम.

दोन दिवसांनी मोठ्या मॅडमनी बोलावलं. मोठ्या मॅडम म्हणजे दवाखान्याच्या अधीक्षक. सर आधीच जाऊन बसलेले. आत्यानं हिरवी वही काढून टेबलावर ठेवली. आपटली नाही, ठेवली.

"मॅडम, यात सगळं आहे. पुस्तकातला एकूण एक शब्द."

मॅडमनी पानं उलटली. कागद घामानं फुगून वही दुप्पट झालेली, शाई जागोजागी फुटलेली. त्यांनी दोन बोटांनी पान धरलं.

"हे लाल शाईनं काय आहे?"

"ती चूक. मी दुरुस्त केली. पुस्तकात राहून गेली."

"म्हणजे पुस्तकात आहे ती चूक मुळात तुमची?"

"हो! तेच सांगतेय. माझी चूक पुस्तकात आली, कारण पुस्तकच…"

"बाईंनी प्रामाणिकपणे कबूल केलं," सर मऊ आवाजात म्हणाले. "वर्गातही केलं, सगळ्यांसमोर. याचं आपण कौतुकच करायला हवं. हस्तलिखित बाईंनीच टाइप केलं होतं ना. टाइप करताना होतं असं. आपण माणसं आहोत."

"हस्तलिखित?" आत्या म्हणाली. "कुठलं हस्तलिखित? हे हस्तलिखित!"

"बाई, आवाज," मॅडम म्हणाल्या. मग जरा नरमाईनं, "हे बघा. तुम्ही म्हणता, सगळं तुमचं. ते मला कसं कळणार? वहीवर तारीख नाही. चूक तुमची, हे मात्र तुम्ही स्वतः म्हणताय आणि तेही म्हणताहेत. दोघांचं एकमत आहे तेवढं मी धरते. शुद्धिपत्र काढू. झालं?"

"आणि अक्षरं?"

"कसली अक्षरं?"

आत्यानं एकशे बाराव्या पानाचा तळ दाखवला. "इथे माझी दोन अक्षरं होती."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी खांदे उडवले. "इथे तर काहीच नाही, बाई," मॅडम म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

शुद्धिपत्राचा मजकूर सरांनी लिहून पाठवला. टाइप करायला कुणाकडे? रेकॉर्डमध्ये. आत्याकडे. साडेतीनशे प्रती, त्रेचाळिसाव्या पानावर चिकटवायच्या, तेही रेकॉर्डनंच.

'पान ४३. "पाणी"ऐवजी "घाम" असे वाचावे. टंकलेखिकेच्या नजरचुकीबद्दल दिलगीर आहोत.'

"तू नाही म्हणायचं होतंस," मी तिला म्हटलं होतं. मी तेव्हा चिडायच्या वयात होते. "बसायचं होतंस हात जोडून."

"आणि पोरींनी पाणीच शिकायचं?"

"नजरचूक म्हणे! तुझी नजरचूक होती?"

"नाही. कानचूक होती." ती चिठ्ठ्यांची चळत सारखी करत होती. "पण तो शब्द त्याच्या कोशात नसेल."

चिठ्ठी तिनं टाइप केली आणि खाली, डाव्या कोपऱ्यात, रेघ मारली. रेघेच्या डावीकडे दोन अक्षरं, मोठी. उजवीकडे तीच, बारकी. साडेतीनशे प्रती निघाल्या. कुणी अडवलं नाही. शुद्धिपत्राचा तळ कोण वाचतं? चार दिवस ती एकटी बसून चिकटवत होती, डिंकाची बाटली डाव्या हाताला, जिथे पूर्वी डबा असायचा तिथे.

दाखल्याची परीक्षा ती पास झाली. दाखल्यावर सरांची सही होती. तो तिनं आणला, बाबांना दाखवला आणि जिन्यावरच्या खोलीत कुठेतरी ठेवला. वर्ग पुढेही चालू राहिला, पुस्तक पुढच्या मुलींना मिळत गेलं. तीन वर्षांनी आत्या निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात सर म्हणाले, बाई स्वतःची चूक मोकळेपणानं मान्य करणाऱ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी मला दवाखान्याबाहेरच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर ते निळं पुस्तक दिसलं. आत कुणा मुलीचं नाव, पेन्सिलीच्या खुणा. मी आत्याकडे घेऊन गेले. आता ती फार बाहेर पडत नाही. गुडघ्यांचा आर्थ्रायटिस आहे, आणि त्याला गुडघेदुखी म्हटलेलं तिला अजून खपत नाही.

तिनं चष्मा लावला. सरळ त्रेचाळिसाव्या पानावर गेली.

चिठ्ठी नव्हती. पानाच्या तळाला एक फिकट चौकोन होता, डिंक सुकून पापुद्रा निघाल्यासारखा. वर छापील 'पाणी', त्याखाली त्या मुलीनं पेन्सिलीनं जोरात रेघ मारलेली. पाठ करायचं असलं की मारतात तशी.

"गळून पडली," मी म्हटलं.

"सगळ्याच पडल्या. महिनाभरात. झाडूवाली मला आणून द्यायची, बाई, तुमची कागदं म्हणून." तिनं चौकोनावरून अंगठा फिरवला. "माझ्या हातचं काही चिकटत नाही गं. डिंकात पाणी होतं."

मग तिनं अंगठा उचलला आणि त्याच्याकडे बघितलं.

"घाम," ती म्हणाली. "मीसुद्धा पाणीच म्हणते बघ अजून."

तिनं पुस्तक मिटलं, मांडीवरच्या रुमालानं कव्हर पुसलं आणि मला परत दिलं. पुसलेल्या जागी सरांच्या नावावर ओला पट्टा राहिला होता. मी दारापर्यंत येईतो तो वाळला.